निसारभाई आणि सईची बेस गिटार

निसारभाई रॉकचं गाणं इतकं हळू लावून ऐकायचे, की स्टुडिओतला पंखा त्याहून मोठा वाटावा. बारामतीत भावाच्या शिलाईच्या दुकानामागं त्यांची ती रेकॉर्डिंगची खोली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते डोळे मिटून बसले होते आणि माझी नात सई आणि तिच्या बँडची पोरं माना खाली घालून. मला वाटलं, कुणी गेलं की काय. मी विचारलंसुद्धा.

निसारभाई डोळे न उघडताच म्हणाले, "आक्का, मोठ्यानं लावलं की समदंच ग्वाड लागतंय. हळू लावल्यावर कळतं, कोण उपाशी हाय."

मला हे पटणं अवघड. तरुणपणी माळेगावच्या महिला मंडळात मी अशी गायचे, की बाकीच्या बायका नुसते ओठ हलवायच्या. मला मागच्या रांगेत ढकललं, तेव्हा 'उंचीमुळं' असं मी घरी सांगितलं. माझी उंची पाच फूटही नाही.

तर उपाशी होती आमची सई. ती बेस गिटार वाजवते, जाड तारांची, घुमणारी. बँडमधल्या विक्रमच्या ड्रममधला तो पायानं वाजवायचा मोठा ढोल तिच्यावर असा बसला होता, की ती पुरती गाडली गेली. नाहीतरी ऐकू येत नाही, तर पुढच्या गाण्यापासून बेस नकोच, असं विक्रम आदल्या दिवशी म्हणाला होता. सईनं घरी येऊन गिटार विकायची भाषा केली. म्हणून मी सणसरहून तिच्या मागोमाग आले होते, भांडायला.

मी म्हटलं, भाऊ, हिचा आवाज वाढवा की.

"मग त्यो ढोल वाढवा म्हनंल, मग परत ही. शेवटी स्पीकर फाटंल. आक्का, एका चुलीम्होरं दोघी जावा बसल्यात. एकीनं जरा सरकाया पायजे."

मी नाही सरकणार, असं विक्रमनं लगेच सांगून टाकलं.

"तू न्हाय रं. तुजा ढोल."

आधी त्यांनी बाकीच्या गिटारींचा खालचा घुमारा कापला. त्या म्हणे फुकटच्या जागा अडवून बसल्या होत्या. ढोलाला अगदी तळ दिला, बेसला त्याच्या जरा वर बसवलं, आणि ढोल पडेल तेवढ्यापुरती बेस किंचित दबेल अशी सोय केली. आवाज कुणाचाच वाढला नाही आणि सई ऐकू येऊ लागली. मी मनातल्या मनात भांडण मिटवलं.

पण निसारभाईंची परीक्षा रस्त्यावर असे. ऊस ओतून कारखान्यातून परतणाऱ्या ट्रॅक्टरला हात करायचा आणि पेनड्राइव्ह ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. त्या ट्रॅक्टरांवरच्या स्पीकरांपुढं भिंतीसुद्धा हादरतात. "हितं टिकलं ते कुठंबी टिकतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्या ट्रॅक्टरवर नुसतं धडामधूड झालं. सई पुन्हा गायब. निसारभाई मोठे तोऱ्याचे. 'स्पीकरच भंगार हाय' असं पुटपुटत परतले, पण खुर्चीवर बसले ते पुन्हा कामालाच. या वेळी बेसच्या वरच्या अंगाला त्यांनी थोडी खरखर दिली. "घुमारा ढोल गिळतोय. खरखर त्याच्या घशात आडकंल," म्हणाले.

निसारभाईंना जाऊन आता वर्ष झालं. त्यांचा एकही फोटो माझ्याकडं नाही. मला ते दिसतात ते दुसऱ्या ट्रॅक्टरपाशी, दोन्ही हात पाठीमागं बांधून, निकालाला आलेल्या पोरासारखे. ड्रायव्हर लासुर्ण्याचा होता. त्यानं थोडं ऐकलं, मग इंजिन बंद केलं आणि कान पुढं केला.

"ही खालनं गुरगुरतीया, ती कोन?"

निसारभाई नुसते विक्रमकडं बघत राहिले.

विक्रमनं मान खाजवली. "आमची बेस हाय ती," तो म्हणाला. "ही सई वाजवती."