सून कडेला बसली की जाणारा फ्यूज

आधीच सांगते, असल्या गोष्टी मानणारी मी बाई नाही. माझं माहेर भालकी तालुक्यातलं मेहकर. छप्पन्न सालानंतर आमच्या बापानं धम्म घेतला आणि देव्हाऱ्याबरोबर अंगारा, दृष्ट, पांढरे पाय सगळंच घराबाहेर काढलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. तेव्हापासून माझ्यावरून कुणी लिंबू उतरवलेलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही.

शिवाय माझा धंदा. आळंदला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटीवर नाव मिस्त्रींचं, म्हणजे आमच्या यजमानांचं. पण आर्मेचरवर तार भरणं, वायरिंग तपासणं ही कामं लग्नानंतर दोन वर्षांत मीही शिकले. करंट एक तर जातो, नाही तर जात नाही. मधलं काही नसतं... असं मी समजत होते.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. वैशाखातली सकाळ, अकराचा सुमार. मिस्त्री सामान आणायला सोलापूरला गेलेले. दोन-तीन माणसं एक जुनी पांढरी मोटार ढकलत दुकानापुढं आली. मागून छत्री धरलेली एक थोराड बाई, आणि तिच्या मागं दहा पावलांवर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेली एक पोर.

गाडी मुडबीच्या अण्णारावांची, स्टिअरिंगवर तेच. बाई त्यांची बायको गंगाअक्का. पोर त्यांची सून सुमन, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेली.

"मिस्त्री कुठायत?" अण्णाराव म्हणाले.

"सोलापूरला. काय झालंय?"

"फ्यूज जायलाय. मुडबीपास्नं तीनदा गेला."

त्या गाडीला पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप होता. चावी फिरवली की मागून टिक्-टिक्-टिक् आवाज यायचा. फ्यूज गेला की पंप बंद, पंप बंद की पेट्रोल बंद. मी बॉनेट उघडलं. जळालेल्या फ्यूजवर, करंट जावा म्हणून, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळलेली.

"हे कुणी केलं, अण्णा? गाडी पेटवून द्यायची व्हती का?"

अण्णाराव बायकोकडं बघू लागले. गंगाअक्का पुढं आली. आमच्या रांजणातलं पाणी तिनं घेतलं नाही, स्वतःच्या तांब्यातलं प्याली, आणि म्हणाली, "फ्यूजला कामून बोलतीस? हिला बोल. ही गाडीत बसली की फ्यूज जातो. उतरली की गाडी निंबर्ग्यापस्तोर बी सुरळीत जाती. आता निंबर्ग्यालाच निघालोय, हिच्या माहेरी. सोडून येतो कायमची."

"फ्यूजपायी?"

"घरात आली आन् म्हैस मेली. पाठोपाठ गाडी. अजून काय बघायचं?"

पोर रस्त्याच्या कडेला उभी होती. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

मला राग आला. पण राग येऊन वायरिंगमधला शॉर्ट सापडत नाही. मी फ्यूज काढला आणि त्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडला. असं केलं की फ्यूज फुकट जात नाहीत. पंप नीट असेल तर बल्ब मंद लुकलुकतो, शॉर्ट असेल तर लख्ख पेटतो.

चावी फिरवली. बल्ब मंद लुकलुकला, पंप टिकटिकला. मी स्वतः मागच्या सीटवर बसले, हलले, उड्या मारल्या. काही नाही. गंगाअक्काला बसवलं. काही नाही. मग सुमनला.

बल्ब लख्ख.

"बघितलंस?" गंगाअक्का म्हणाली. ढकलायला आलेली माणसं दोन पावलं मागं सरकली. पण मी वाकून आत पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. पोर सीटवर बसलीच नव्हती. पुढं सासरा, शेजारी सासू. त्यांच्यासमोर टेकून कसं बसायचं? ती डाव्या कोपऱ्यात दाराला चिकटून, सीटच्या अगदी कडेवर, कोंबडी दांडीवर बसते तशी बसली होती. सगळा भार सीटच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर.

"उतर," मी म्हणाले, आणि तशीच जाऊन बसले. कोपऱ्यात, कडेवर, अंग चोरून.

बल्ब लख्ख!

"आता तुम्ही या, गंगाअक्का. सुनेसारख्या बसा."

"मी कामून?"

"बस की!" अण्णाराव ओरडले.

ती कुरकुरत बसली. तिला तसं बसायची सवय मोडून तीस वर्षं झाली होती, पण अंग विसरलं नव्हतं. बल्ब पुन्हा लख्ख पेटला.

"मग? तुम्हाला बी माहेरी सोडायचं का?" मी विचारलं. माणसं हसली. अण्णाराव मिशीतल्या मिशीत हसले. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की पंपाची वायर सीटखालून जाते, कडेवर भार पडला की सीटची पट्टी वायरीवर दाबते, वायर सोलली असणार. म्हैस कशानं मेली ते जनावरांच्या डॉक्टरला विचारा.

मग मी बॅटरीची वायर काढली आणि सीट उचलली. दुसऱ्या बाजूनं धरायला सुमनला बोलावलं.

सीटखाली पत्रा होता. धूळ, शेंगांची टरफलं, केसांचा एक आकडा. वायर नव्हती.

मी हात फिरवून पाहिलं. पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीच नाही. पट्टीला टेकेल, घासेल असं काहीही नाही. म्हणजे मी आत्ता चारचौघांत जे ठासून सांगितलं होतं ते साफ खोटं होतं. आणि बल्ब तर तीनदा पेटला होता.

"सापडली का वायर?" बाहेरून गंगाअक्का.

मी पुन्हा एकदा पत्र्यावर हात फिरवला. तेवढ्यात सुमन बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"सापडली, आत्या. पार सोलून निघालीय."

मी काळी टेप काढली आणि सीटच्या पट्टीला गुंडाळली. नुसत्या लोखंडाला. सीट बसवली, बॅटरी जोडली.

"झालं. बसा सगळे."

"आधी हिला बसव," गंगाअक्का म्हणाली. "पहिल्यासारखी. आन् बल्ब नको, फ्यूज लाव."

नाही म्हणायला जागा नव्हती. मी नवा फ्यूज लावला. सुमन कोपऱ्यात कडेवर बसली. मी चावी फिरवली. टिक्-टिक्-टिक्... टिक्... टिक्... इंजिनापर्यंत पेट्रोल भरलं, तसा पंप आपोआप थांबला. फ्यूज शाबूत. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

"तरी टेकून बसत जा गं पोरी," अण्णाराव म्हणाले, "उगं पट्टीवर भार नको."

गंगाअक्कानं तोंड फिरवलं, पण छत्री मिटून आत बसली. सुमन मागं सरकली, टेकली. गाडी निंबर्ग्याच्या रस्त्याला लागली नाही. तिथंच वळली आणि मुडबीकडं गेली.

पुढं तीन वर्षं ती गाडी आमच्याकडं येत होती. फ्यूज एकदाही गेला नाही. मिस्त्रींनी एकदा खाली शिरून पाहिलं. पंपाची वायर चासीच्या बाहेरच्या अंगानं गेलेली, मूळची, धडधाकट, सीटपासून हातभर लांब. पंपाचे पॉइंट, करंट जोडणारी आतली टोकं, चिकटत असतील, म्हणाले. मग बल्ब फक्त कडेवर बसल्यावरच का पेटायचा, असं मी विचारलं. ते हात पुसत आत गेले.

सुमन आता दोन लेकरांची आई आहे. मागं बाजारात भेटली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"तू त्या दिवशी लई हुशारीनं खोटं बोललीस."

"कंचं खोटं, अक्का?"

"सीटखाली वायर व्हती म्हणून."

तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"व्हती की," ती म्हणाली. "काळी. आतली तार उघडी पडलेली. तुमी हात फिरवत व्हता, तर मी भ्यालते, शॉक बसंल म्हणून."

अजूनही मी काही मानत नाही. पण कुणी वायरिंगवाला हे वाचत असेल आणि त्याला काही सुचत असेल, तर जरूर कळवावं. मला सुचलेलं नाही.