चार हजार नऊशे वॉनची ओहोटी

आमच्या नोलपो गावात बायकांना नावानं कुणी हाक मारत नाही. लग्न होऊन जी ज्या गावाहून आली ते गाव तिला चिकटतं. मी सोसानहून आले म्हणून सोसानवाली. बोक-निम दक्षिणेच्या वांदो बेटावरून आली म्हणून वांदोवाली. सोसान इथून तासाभरावर आणि वांदो पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मी दोन वर्षांत गावची झाले आणि ती बेचाळीस वर्षं झाली तरी पाहुणीच राहिली.

त्याला कारणही तसं हास्यास्पदच होतं. समुद्राचं पाणी आम्ही दिवसांवर मोजतो आणि त्या आकड्यावरून भरती-ओहोटीची वेळ ओळखतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्या पश्चिम किनाऱ्यावर सातवं पाणी असतं. तिच्या माहेरी त्याच दिवसाला आठवं म्हणतात. समुद्र तोच, चंद्र तोच, आकडा तेवढा एकानं पुढे. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती सासूला म्हणाली, "उद्या आठवं पाणी ना, आई?" सासूनं ते चारचौघींत सांगितलं आणि गाव जे हसायला लागलं ते थांबलंच नाही. कुणाचा हिशेब चुकला, कुणी लग्नाला एक दिवस आधी पोचलं, की "वांदोचं पाणी मोजलं वाटतं" हे ठरलेलं. मीही म्हणायचे. आता खोटं कशाला बोलू?

ती मात्र चिडायची नाही. खुरप्यानं चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, उकरण्यात तिचा हात धरणारी बाई अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती. नवरा बोटीवरून पडून गेला तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर कालवं फोडून, तिसऱ्या उकरून तिनं दोन मुली शिकवल्या. आणि ती कंजूष होती, पण वेगळ्या जातीची. बाजारात अर्ध्या मुळ्यासाठी पाव तास घासाघीस करील, पण खुरपं घेईल ते लोहाराकडून घडवून. "रोज हातात धरायची वस्तू स्वस्त घेतली की ती रोज त्रास देते," हे तिचं म्हणणं. आम्ही नाकं मुरडायचो.

मुलींनी तिला मोबाइल दिला आणि तिनं त्यावर भरती-ओहोटीचं ॲप विकत घेतलं. चार हजार नऊशे वॉनला! आमच्या गावात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. आम्ही सगळ्या फुकटातली ॲप्स वापरणाऱ्या. माझ्याच मोबाइलमध्ये एक विजेरीचं ॲप होतं, ते उजेड पाडण्याआधी मला गुडघेदुखीचं मलम दाखवायचं. पैसे मोजून घेतलेलं एकच होतं, झोप लागण्यासाठी. त्यात रात्रभर बेडूक ओरडायचे. नऊ हजार वॉन बेडकांना घातले, म्हणून तर माझा विकतच्या ॲपवर राग.

सगळ्यात जास्त हसले ते मेंग ग्यू-साम, आमच्या मच्छीमार मंडळाचे अध्यक्ष. "वहिनी, समुद्र फुकट, चंद्र फुकट, आणि तुम्ही वेळ बघायचे पैसे देता? माझ्याकडे हेच सगळं फुकटात आहे!"

"तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे," ती म्हणाली.

"पण त्यात असं आहे तरी काय?"

"अक्षरं मोठी आहेत. जाहिरात नाही. नेटवर्क गेलं तरी चालतं आणि पाणी फिरण्याआधी वीस मिनिटं ओरडतं."

"ओरडायला मी आहे की!" असं म्हणून त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकून दाखवली.

आम्हाला माहीत नव्हतं ते असं, की पैसे देण्याआधी तिनं ते ॲप पंधरा दिवस पारखलं होतं. पहिले पंधरा दिवस बघायला मोफत होते. रोज ओहोटीला ती बांधावर जाऊन बसायची, दगडावरची पाण्याची रेघ बघायची, मनगटातलं घड्याळ बघायची आणि मग ॲप. लोकांना वाटायचं नवऱ्याची आठवण काढते आहे. तिनं नंतर मला सांगितलं, "नवऱ्याची आठवण घरीच येते गं. बांधावर मी त्या ॲपची परीक्षा घेत होते."

आमचं खाजण, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल, मंडळाच्या मालकीचं. वर्षातून मोजक्या दिवशीच ते उघडतात. आदल्या दिवशी अध्यक्ष भोंग्यावरून पाणी आणि वेळ सांगतात, सगळ्यांनी एकदम आत जायचं आणि शिट्टी वाजली की एकदम बाहेर. शिट्टीआधी जी निघेल तिच्या त्या दिवसाच्या तिसऱ्या मंडळाला जमा, आणि पुढच्या दोन खेपा तिला बंदी. वजन चुकवून माल नेण्याची लबाडी होऊ नये म्हणून आमच्या आज्यांनी केलेला हा नियम. तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

तिसऱ्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी खाजण उघडलं. मोठं उधाण. अशा दिवशी पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणून बाहेरच्या दांड्यापर्यंत, समुद्रातल्या त्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत, चालत जाता येतं, आणि तिथल्या तिसऱ्या अंगठ्याएवढ्या. पण दांडा आणि किनारा यांच्या मध्ये एक ओहळ आहे. परतताना भरती आधी त्या ओहळात शिरते आणि दांड्यावरच्या माणसाला पाठीमागचं काही कळत नाही.

आदल्या संध्याकाळी भोंगा वाजला होता. "उद्या आठवं पाणी! पाणी फिरेल अकरा चाळीसला! शिट्टी तेव्हाच!" मी भांडी घासत होते, ऐकलं आणि सोडून दिलं. घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असतं, पण अध्यक्षांनी सांगितल्यावर कॅलेंडर कोण बघतो? आणि वांदोवालीला तर बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा भोंगा आपल्या मनातला आकडा बोलतोय असं वाटलं. तिला खटकणार तरी काय?

आम्ही अकरा बायका आणि मेंग, असे बारा जण दांड्यावर होतो. पिशव्या भरत होत्या. मेंगची बायको होंगसंगवाली माझ्या शेजारी वाकली होती आणि सुनेच्या आळसाचं पुराण सांगत होती. तेवढ्यात वांदोवालीच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात मोबाइल किंचाळायला लागला.

साडेदहा वाजले होते.

तिनं मोबाइल बघितला, मग समुद्राकडे बघितलं, मग सरळ मेंगकडे गेली. "अध्यक्ष, पाणी दहा पन्नासला फिरतंय. शिट्टी वाजवा."

"अकरा चाळीस," मेंग पिशव्यांचं वजन करता करता म्हणाले. "तुमच्या यंत्राला भूक लागली असेल, वहिनी."

"तुमचं दाखवा."

त्यांनी मोठ्या ऐटीत मोबाइल काढला. उघडला तर त्यात एक गुलाबी डुक्कर नाचायला लागलं. कसला तरी खेळ होता. बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मेंगच्या बोटाला चिखल. एकदा दाबलं तर डुक्कर मोठं झालं, दुसऱ्यांदा दाबलं तर डुकराचं दुकान उघडलं. आम्ही खो खो हसत होतो. शेवटी पडदा मोकळा झाला, पण खालचा अर्धा भाग दुसऱ्या जाहिरातीनं झाकलेलाच. वेळा त्याच्याखाली होत्या.

"वेळा कुठे आहेत?" वांदोवालीनं विचारलं.

"वेळा कशाला बघायच्या? वर आकडा असतो तो बघायचा. आठवं पाणी म्हणजे अकरा चाळीस. चाळीस वर्षं डोक्यात आहे माझ्या."

ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "अहो, आज पहिला दिवस आहे महिन्याचा. आज आठवं माझ्या माहेरी! इथं सातवं!"

"काहीतरीच काय! तीन महिने हेच बघतोय मी."

"काल त्यानं काही विचारलं होतं तुम्हाला?"

"ॲप नवीन झालं म्हणालं. किनारा कुठला, काय काय विचारत होतं. वर जाहिरात होती, मी सगळ्याला हो म्हटलं."

त्या फुकटच्या ॲपनं मेंगना कालच वांदोला नेऊन बसवलं होतं, आणि ते आमच्या किनाऱ्याची वेळ त्या आकड्यावरून लावत होते. एका आकड्यानं पन्नास मिनिटांची चूक. पण पुढारी माणसाला अकरा बायकांसमोर चूक कबूल करणं सोपं नसतं. ते म्हणाले, "शिट्टी अकरा चाळीसला. ज्यांना जायचं त्यांनी जावं. नियम माहीत आहे."

कुणी हललं नाही. मीही नाही. पिशवी अर्धीच भरली होती आणि बोलणारी होती वांदोवाली, पाणी चुकीचं मोजणारी. ती खरी ठरली नसती तर तिच्या दोन खेपा बुडाल्या असत्या आणि मरेपर्यंतचं हसू वाट्याला आलं असतं. तिलाही ते दिसत होतं. तिनं पिशवी पाठीवर टाकलीसुद्धा नाही, तिथंच चिखलात ठेवली.

"ओझं घेऊन ओहळ पार होणार नाही," ती आम्हाला म्हणाली. "मला हसायचं तर बांधावर जाऊन हसा. चला गं, पाया पडते."

सगळ्यात आधी होंगसंगवाली पुढे आली. तिनं वांदोवालीच्या गळ्यातला मोबाइल हातात धरला आणि ती मोठाली अक्षरं चष्म्याशिवाय मोठ्यानं वाचली. "दहा पन्नास." मग स्वतःची पिशवी खाली ठेवली.

"तू कुठे निघालीस?" मेंग ओरडले.

"घरी. तुम्ही डुकराबरोबर या."

बायकोच निघाल्यावर आम्ही कशाला थांबतोय? पण बोलाचालीत वेळ गेलाच होता. ओहळाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सकाळी घोट्याएवढं होतं ते पाणी आता मांड्यांना लागत होतं, आणि ओढ अशी की पाय उचलला की जागेवर टेकत नव्हता. वांदोवालीनं आम्हाला एकमेकींचे हात धरायला लावले. स्वतः खालच्या अंगाला उभी राहिली, जिचा पाय सुटेल ती तिच्या अंगावर यावी म्हणून. एकेकीला नावानं हाक मारत होती. गावाच्या नावानं नाही, खऱ्या नावानं. माझं नाव तिला माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. मला रडू आलं, भीतीनं नाही.

मेंग वीस मिनिटांनी आले, दोन पिशव्या ओढत. पाणी त्यांच्या छातीला होतं. "सोडा त्या पिशव्या!" ती पुन्हा कमरेभर पाण्यात उतरून ओरडली. त्यांनी सोडल्या. तिनं खुरप्याचा दांडा पुढे केला, त्यांनी तो धरला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून अध्यक्षांना जाळ्यासारखं बाहेर ओढलं.

अकरा चाळीसला आम्ही बांधावर बसलो होतो, चिंब. दांडा दिसत नव्हता. आम्ही जिथं वाकलो होतो तिथं नुसतं करडं पाणी होतं. होंगसंगवालीनं नवऱ्याकडे बघितलं. "अकरा बायकांचा जीव किती वॉनला पडतो हो?"



पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा झाली. मेंगनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं, डुकरासकट, काही झाकलं नाही. त्यासाठी मी त्यांना मानते. मग म्हणाले, यापुढे पाण्याची वेळ आणि शिट्टी वांदोवाली वहिनींकडे. सगळे हात वर गेले. आमच्या मंडळात बाईकडे शिट्टी कधीच गेली नव्हती.

ती उठली. "घेते," म्हणाली, "पण आधी तो नियम काढा. शिट्टीआधी जी बाहेर पडेल तिच्या पिशवीतली एक तिसरीही कापायची नाही. माझ्यावरही एवढा विश्वास ठेवू नका की पळायला भ्याल."

आज्यांनी केलेला नियम होता. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. पाठीमागून कुणीतरी पुटपुटलं की मग लबाडी कशी थांबणार. मी उभी राहिले आणि म्हणाले, "लबाडी झाली तर होऊ दे. बायका तर परत येतील." असं सभेत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

ठराव झाला. कागदावर तो मांडणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. चिटणिसानं सवयीनं 'वांदोवाली' लिहिलं. मेंगनी त्याच्या हातून पेन घेतलं, ते खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: छन बोक-निम, नोलपो.