तारकाकांची बिनसाखरेची वडी

त्यांना सगळे तारकाका म्हणायचे. विजेच्या तारांशी त्यांचा काही संबंध नव्हता, गैरसमज नको. एका मिठाईच्या दुकानामागच्या कारखान्यात ते एकोणचाळीस वर्षं कढईवर उभे होते. साखरेचा पाक झाला की नाही हे बघायला उकळता थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच उघडायची, मधे ताणलेली तार बघायची आणि निकाल सांगायचा. एक तार, दोन तार, आणि हो, अडीच तारसुद्धा. अडीच तार म्हणजे काय हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, आणि कुणी विचारलंच तर त्याचा अर्धा तास गेला म्हणून समजा.

एवढा कसबी माणूस, पण एकोणचाळीस वर्षांत आपल्या हातची मिठाई त्यांनी एकदाही चाखली नव्हती. खोटं वाटेल, पण आहे हे असं आहे. कढईवरच्या माणसानं चाखायचं नाही, हा त्या कारखान्यातला दंडक. सकाळपासून गोड चाटत बसलं की दुपारपर्यंत जिभेला साखर आणि खडू सारखेच लागतात म्हणे. मग चव बघायचं कोण? काकू. रोज संध्याकाळी काका कागदाच्या पुडीत दोन तुकडे घरी आणायचे. काकू हातातलं काम टाकून बसायच्या, डोळे मिटून सावकाश चावायच्या आणि मग तोंड उघडायच्या. "वेलची शिळी आहे." "घाईनं उतरवलीत कढई. कुठे पळायचं होतं?" "ही वडी कशाला केलीत, दार अडवायला?" काका धुसफुसायचे, जेवताना बोलायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं सुधारणा करायचे. दुकानाचं नाव झालं ते असं. मालकाला वाटायचं, काकांच्या हाताची जादू. काकांनाही तसंच वाटायचं.

काका निवृत्त झाले, घरचा स्वयंपाक त्यांनी हाती घेतला, आणि दोन वर्षांनी काकूंच्या रक्तात साखर निघाली. गोड बंद. काकूंनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. खरी पंचाईत निराळीच झाली. काकूंनी गोडाबरोबर नावं ठेवणंही सोडून दिलं. भाजी अळणी झाली, तर "छान आहे." भात खाली लागला, तर "चालेल." काकांनी पडदा उलटा लावला, तरी "असू दे." पहिला महिना काकांना वाटलं, चला, नशीब उघडलं. तिसऱ्या महिन्यात ते घाबरले. मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घालून बघितलं. काकू दोन पेले पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालीय."

असे आठ महिने गेले. सण सहा दिवसांवर आला तेव्हा काकांनी मनाशी ठरवलं: साखरेचा कण न घालता असं काहीतरी गोड करायचं, की काकूंना ते खाता येईल आणि खाऊन त्या आपल्याला धड चार शब्द सुनावतील. कौतुक नको होतं हो त्यांना. बोलणी हवी होती.

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. ती म्हणाली, "खजूर, बदाम, अक्रोड घ्या बाबा. सोपं आहे." सोपं! ज्या माणसानं साखरेच्या पोत्यांशी उभा जन्म काढला त्याला सोपं म्हणायचं नसतं. काकांनी खजूर भिजवला, वाटला, तुपावर परतायला घेतला आणि सवयीनं त्यात दोन बोटं घालून उघडली. तार नाही. नुसती माखलेली बोटं. "कच्चं आहे अजून," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी गॅस वाढवला. पुन्हा बोटं. पुन्हा काही नाही. लेकीचा फोन आला तेव्हा घरभर धूर होता.

"बाबा, खजुराला तार येत नाही."

"येईल. का नाही येणार? मी काय आज उभा राहिलोय कढईवर?"

कढई घासायला एक सकाळ गेली. दुसरा घाणा अंजिराचा घेतला, आणि काका तिथेही तारेची वाट बघत राहिले. तिसऱ्या वेळी पुन्हा खजूर घेतला, तेव्हा मात्र लेक स्वतः शेजारी उभी राहिली आणि काकांचा हात धरून तिनं कढई खाली उतरवायला लावली. वडी थापली गेली, सुरेख पडली. आता चव कुणी बघायची?

खालच्या मजल्यावर एक शिंपी होता. तो म्हणाला, "वा! क्या बात है!" काकांना संशय आला. त्यांनी आदल्या दिवशीचा करपलेला घाणा त्याच्यापुढे ठेवला. शिंपी तोही चाटूनपुसून खाऊन म्हणाला, "वा! काय खमंग!" शिंप्याचं मत बाद झालं. शेवटी काकांनी दार लोटून घेतलं, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातची वडी तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग म्हणाले, "गोड आहे." आणखी विचार केला. "बऱ्यापैकी गोड आहे." संपलं. एवढ्या मोठ्या कारागिराला पुढे एक शब्द सुचेना.

लेकीनं ताट बघितलं आणि कपाळावर हात मारला. दुकानातल्या मापाच्या, तळहाताएवढ्या वड्या!

"बाबा, साखर घातली नाही म्हणजे साखर गेली असं नसतं. खजुरात असतेच की!"

"मग बाजारात तसं सांगायला काय झालं होतं?" काका खजुरावरच चिडले. आईला ताटभर खाऊ घालायचे त्यांचे मनसुबे लेकीच्या लक्षात आले. तिनं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं: जेवणानंतर एक, अंगठ्याच्या नखाएवढी, त्या जेवणातला घास तेवढा कमी करून, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. काकांनी सुरी घेतली आणि तळहाताची नखं केली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी बशीत एक वडी ठेवून काकूंपुढे सरकवली. काकूंनी कोपरा तोडला, गिळला.

"छान."

झालं! काकांचा आठ महिन्यांचा बांध फुटला. "छान काय छान? शिंपी छान म्हणतो! तू अशी गप्प बसलीस की मला भीती वाटते गं. घरात कुणी नसल्यासारखं वाटतं. काहीतरी खोड काढ ना!"

काकूंनी बशी थोडी दूर सारली. मग हळूच म्हणाल्या, "खोड कशाला काढायची असते? दुसऱ्या दिवशी सुधारून आणावं म्हणून. मला कुठला आलाय दुसरा दिवस? सणाचा म्हणून आज तुकडा दिलात. सण सरला की पुन्हा बंद. मग चव लावून घेऊन जिवाला घोर कशाला? आणि एकदा जीभ मारली की भाजीत काय, पडद्यात काय, कशातच मन राहत नाही."

काका उठूनच उभे राहिले. "कोण म्हणालं बंद? रोज एक आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"रोज?"

"रोज."

"उद्या पण?"

"उद्या पण, परवा पण. माझा हात चालेल तोवर."

काकूंनी उरलेली वडी उचलली आणि डोळे मिटून तोंडात टाकली. किती वेळ चावत होत्या!

"वेलचीनं सगळ्यांचा गळा दाबलाय," काकू म्हणाल्या. "बदाम भाजलेत की नुसता विस्तव दाखवलात? अक्रोडाची कडू सालं काय औषध म्हणून ठेवलीत? चिमूटभर मीठ घालायचं असतं, ते कोण घालणार, मी? आणि कापलीय तरी कशी! एक बाजू वर, एक खाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना देणार आहात का ही? लाज आणाल."

"अजून?" काकांनी विचारलं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"रडताय काय असे? अक्रोड गरम पाण्यात टाका आधी, सालं सुटायला वेळ लागतो. सणाला तीन दिवस उरलेत, जमेल तुम्हाला." काकूंनी रिकामी बशी त्यांच्या हातात दिली. "आणि उद्या जेवण झाल्या झाल्या आणा. मी वाट बघत बसेन."