एकाच अंगाने

आमच्या केतनचं वाटोळं कुणी केलं म्हणून विचाराल, तर आधी मी आमच्या आईचं नाव घेईन. मग हर्षदचं. आणि मग त्या सूर्याचं, मेल्याचं!

केतन माझा धाकटा भाऊ. आमचं घर लांज्यापासून आत, खेड्यात. मे महिन्यात अंगणातल्या चुलाणावर आंब्याचा रस आटवायचा आणि तो मावा रत्नागिरीच्या दुकानांत घालायचा, हा आमचा धंदा. आईचा एकच कायदा होता: कालथा उजवीकडूनच फिरवायचा, उलटा फिरला की मावा फुटतो. केतनने लहानपणी एकदा उलटा फिरवला, तर पाठीत असा धपाटा बसला की पोर चुलाणात जाता जाता वाचलं. नंतर त्याचा हात कधी चुकला नाही.

पुढे तो पुण्याला डॉक्टरेटला गेला. सुट्टीत आला की कढईसमोर उभा राहून मला शिकवायचा. "ताय, सूर्याच्या पोटात तापलेला वायू असाच खदखदतो. नुसत्या खदखदीने चुंबकरेषांचा गुंता होतो, दुसरं काय नाय. पण सूर्य फिरतो, म्हणून भोवऱ्यांना पीळ पडतो. त्याचा मधला पट्टा भराभर जातो, टोकं मागे राहतात, म्हणून रेषा ताणल्या जातात. पीळ आणि ताण एकत्र आले की त्या गोंधळातूनच सूर्याएवढं चुंबकक्षेत्र उभं राहतं."

"खाली लागतंय मेल्या, ढवळ आधी!" मी ओरडायची.

कॉम्प्युटरवर त्याने तसा सूर्य उभा केला. हर्षद, त्याचा पुण्याचा दोस्त, सोबतीला होता. वरच्या आणि खालच्या दोन्ही अर्ध्यांत मिळून एकच अखंड क्षेत्र तयार झालं, असं आधी कुणी दाखवलं नव्हतं म्हणे. दोघांच्या नावाने लेख छापून आला. एका मोठ्या संस्थेत कायमची जागा निघाली आणि दोघांनाही मुलाखतीला बोलावलं. जागा केतनचीच, असं सगळे धरून चाललेले.

मुलाखतीच्या तोंडावर तो घरी आला होता. रस ढवळता ढवळता एकदम थांबला. "ताय, सूर्याच्या खालच्या अर्ध्यात पीळ उलटा पडतो. मी दोन्हीकडे एकच ठेवला." कितीदा तपासलं होतं त्याने ते गणित! पण एकाच अंगाने फिरणारं काही दिसलं की त्याला ते बरोबरच वाटायचं. ही सवय कुणाची, ते मी सांगायला नको.

चूक दुरुस्त केली, तर क्षेत्र आलं, पण दोन अर्ध्यांत उलटसुलट, सगळ्यांना आधीच ठाऊक होतं तसंच. नवं काही उरलं नाही. हर्षद फोनवर म्हणाला, "आत्ता गप्प बस. नोकरी लागू दे, मग बघू." मीही तेच म्हटलं, आणि आजही म्हणेन! केतनने ऐकलं नाही. चूक माझी, असं लिहून त्याने लेख मागे घेतला. मुलाखतीत हर्षदने सांगितलं, "माझं काम फक्त आकृत्यांचं होतं." जागा हर्षदला मिळाली.

आता आमचे डॉक्टरसाहेब रत्नागिरीत क्लासमध्ये दहावीच्या पोरांना लोहचुंबक शिकवतात. हर्षद दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. शिरा पडो त्याच्या तोंडावर.

यंदा मे महिन्यात केतन आला आणि कालथा उलटा फिरवायला लागला. मी आईकडे बघितलं. तिने चुलाणात लाकूड सारलं. शेवटपर्यंत त्याने तसाच फिरवला. मावा गोळा झाला, कढई सोडायला लागला. आईने बोटभर चाखला.

"झालाय की नीट," ती म्हणाली.

"मग फुटतो म्हणून कुणी सांगितलं होतं तुला?" केतनने विचारलं.

"माझ्या सासूने." तिने पदराला हात पुसले. "मी कधी उलटा फिरवून बघितलाच नाही रे."