जागा सांगायची राहिली

झाडाची छाटणी करायची असली की आदल्या संध्याकाळी त्या झाडाला सांगून यायचं, हे मला मामानं शिकवलं. देवळीकडे त्याची भाजीची वाडी होती आणि उरल्या वेळात तो लोकांची झाडं छाटायचा. खोडाला तळहात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "उद्या इथं लोखंड लागणार हाय. जो कोनी राहत असन त्यानं निंगावं, अन् त्या तिथल्या चिचेवर जाऊन बसावं." चिंच नसली तर बाभूळ, पण बोट दाखवून जागा सांगायचाच. नुसतं निघा म्हणणं म्हणजे माणसाला सामानासकट रस्त्यावर काढणं, असं त्याचं म्हणणं. मी मनात हसायचो. मुंग्या-पाखरांशी काय बोलतो हा म्हातारा! पण सवय लागली ती लागलीच.

आता मामा नाही. माझ्याकडे मशीन आहे, कमरपट्टा आहे, हेल्मेट आहे, फोनवर कामं येतात. बंगलेवाल्यांना झाड पाहिजे, पानं नकोत. सावली पाहिजे, कचरा नको. डोकं फिरतं माझं. पण पोट त्यांच्यावरच चालतं, म्हणून तोंड आवरतो.

मागच्या उन्हाळ्यात नालवाडीतून एका गृहस्थाचा फोन आला. घरामागे कडूलिंब होता आणि त्याची जाड फांदी आईच्या खोलीच्या खिडकीकडे वळली होती. रोज दुपारी ती गजांवर वाजते म्हणाला. तीन ठोके, मग थांबणं, पुन्हा तीन. त्रास आईला नव्हता, यालाच होता. त्याचे वडील शेवटचं वर्ष त्या खोलीत पडून होते. वाचा गेलेली. पाणी पाहिजे असलं की पलंगाच्या दांडीवर तीन ठोके द्यायचे. आता खिडकीत वाजलं की आई उठायची, गजांपाशी भांडंभर पाणी ठेवायची आणि बाहेर बघत बोलत बसायची. "लोकं हासून राह्यले भाऊ," तो म्हणाला. "ते फांदीच काढून टाका."

आदल्या संध्याकाळी मी गेलो. खोडाला हात लावला, उद्या लोखंड लागेल, जो कोणी असेल त्यानं निघावं, असं म्हणालो. मग जागा दाखवायला बोट उचललं, तर दाखवू काय? अंगणभर सिमेंटचे गट्टू. एक पेरू होता, तो गाडी ठेवायला काढलेला. चहूकडे भिंती, टाक्या आणि तारा. तेवढ्यात दुसऱ्या कामाचा फोन वाजला आणि बोलत बोलत मी फाटकाबाहेर पडलो. गाडीला किक मारल्यावर आठवलं. पण म्हटलं, जाऊ दे, कोण ऐकतंय.

सकाळी वर चढलो. वारा पार पडला होता. खिडकीच्या उंचीला पोचलो आणि बघतो तर काय, फांदीचं टोक गजांपासून चांगलं हातभर लांब. ओढून पाहिली, वाकवून पाहिली, तसूभर हलेना. गजांवर ओरखडा नाही, भिंतीवर डाग नाही. ती फांदी त्या खिडकीला कधी लागलीच नव्हती. खिडकीत आजी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या शेजारी, फांदीच्या बेचक्यात बघत होत्या आणि डोक्यावरचा पदर नीट करत होत्या.

तेव्हाच खाली उतरायचं होतं. पण त्यांचा मुलगा खालून घाई करत होता, आणि भ्यालो की माझा हात जास्तच जोरात चालतो, हा माझा जुना दोष. साल सोलून निघू नये म्हणून आधी खालून काप दिला, मग वरून. फांदी दोरावरून खाली सोडली. एवढी जाड फांदी, पण हाताला वजनच लागेना.

आठ दिवसांनी त्या मुलाचा पुन्हा फोन आला. आवाज पार बसलेला. आई दुपारी घराबाहेर पडते, दिसेल त्या झाडावर तीन ठोके देते, खोडाला कान लावते आणि पुढच्या झाडाकडे जाते. काल हायवेपर्यंत गेली, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. खोलीला कुलूप लावलं तर जेवत नाही. एकच म्हणते, त्या झाडवाल्याले बलाव.

मी पोचलो तेव्हा आजी रस्त्याच्या कडेला एका बाभळीपाशी उभ्या होत्या. बोटांची सालटी निघालेली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी माझी बाटली पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, प्यायल्या नाहीत.

"तुनं त्यायले निंगा म्हणलं, ते मी खिडकीतून आयकलं," त्या म्हणाल्या. "पन कुठं जा म्हणलं?"

समोरच्या कुठल्याही झाडाकडे बोट केलं असतं तर त्यांचं भटकणं तिथंच संपलं असतं. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या अशा काही बघत होत्या की मला ते जमेना.

"जागा सांगायची राह्यली, आजी," मी म्हणालो, आणि पन्नाशीचा माणूस भर रस्त्यात रडलो.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, त्या दिवशी काम झाल्यावर मी सरळ घरी गेलो का. मी हो म्हणालो.

"मंग ते तुह्यासंगंच आले असतीन. बिनजाग्याचा मानूस जाईन कुठं? ज्यानं उठवलं त्याच्याच मागं जाईन." बाटली माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "त्यायले बोलता येत नाई, बाबू. लक्ष ठेवजो."

आणि वळून घराकडे चालू लागल्या. मी मागे, त्या पुढे, वाटेतल्या एकाही झाडापाशी थांबल्या नाहीत.

आमच्या दारात झाड नाही. त्या संध्याकाळी मी ओसरीवर एक खुर्ची टाकली, तिच्यावर तळहात ठेवला आणि इथं बसा, असं मोठ्यानं सांगितलं. बायको दारातून बघत होती, तिला काय सांगणार! दुपारची कामं आता मी घेत नाही. त्या मुलाचा रोज फोन येतो. आई जेवते, झोपते, बाहेर पडत नाही. फक्त दुपार झाली की विचारायला लावते, त्यायले पानी देलं का. मी दिलं म्हणतो, आणि ते खोटं नसतं.