मारकी मावशी

मावशींचा हात तोंडाच्या आधी चालायचा. पहिल्यांदा फटका, मग त्याचं कारण, असा त्यांचा क्रम. आमच्या भोरच्या कार्यालयात सगळे त्यांना पाठीमागे 'मारकी मावशी' म्हणत; तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

कार्यालय कसलं, दोन खोल्या. काही मुलांचा अपस्मार दुर्मीळ जातीचा असतो, गोळ्यांना दाद देत नाही. त्यांना भरपूर तूपतेल आणि नावापुरतं धान्य असा आहार दिला तर फिट कमी येतात का, याचं संशोधन तिथे चालायचं. मी आहारतज्ज्ञ, भोरातच वाढलेली, नोकरीला नवी. मावशी उत्रोलीच्या, मदतनीस. वजनकाटा उचलून माझ्याबरोबर गावोगाव हिंडायचं आणि माझं पुस्तकी बोलणं लोकांना समजेल असं करून सांगायचं, हे त्यांचं काम.

एकदा कापूरहोळच्या फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत होतो. एका टेम्पोवाल्याला फिट आली. तो डांबरावर डोकं आपटत होता आणि गर्दीतला एक जण त्याच्या नाकाशी चप्पल धरत होता, दुसरा दातांत किल्ली खुपसत होता. मावशींनी तीच चप्पल हिसकावून दोघांना बडवलं. "दातखीळ उचकटतोस व्हय रं? थांब, तुजीच उचकटते!" आणि पुढच्या क्षणी त्या खाली बसून टेम्पोवाल्याला कुशीवर वळवत होत्या, डोक्याखाली पदराची घडी सारत होत्या. मारणारे हात आणि हे हात एकाच बाईचे आहेत यावर माझा विश्वास बसेना.

एसटीत बसल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. "माज्या लेकीला म्याच पळी घातली व्हती तोंडात. लोकं म्हनली, जीब तुटंल. दात मोडला, आत गेला. हितंच, मांडीवर गेली."

वेल्ह्याकडची सोनाली आमच्या यादीत आली तेव्हा तेरा वर्षांची होती. चालता चालता तोडलेल्या झाडासारखी तोंडावर पडायची. कपाळावर टाके, एकदा नाक मोडलेलं, खालचा ओठ फाटून सांधलेला. तिचा आहार सुरू केला आणि पडणं खरंच कमी झालं. पण घर भातशेतीवाल्यांचं. भात समोर शिजायचा आणि पोरगी हट्ट करायची. म्हणून मी तिला दटावलं, "एक शीत जरी पोटात गेलं ना, तर तोंडावर पडशील." असं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं. युक्ती लागू पडली याचा मला अभिमानच वाटला.

लागू पडली, ती जरा जास्तच. सोनालीने आधी भात सोडला, मग चतकोर भाकरी. मग तूप, कारण त्याला भाताचा चमचा लागला असेल. मग घरात शिजलेलं सगळंच. माझ्या कागदावर फिटांचा रकाना रिकामा होत होता आणि मी खुशीत होते. मावशी म्हणाल्या, "ताई, तुमी फिटा मोजताय. पोरगी निम्मी झालीया." मी म्हटलं, सुरुवातीला वजन उतरतंच. मलाही ते खरं वाटत नव्हतं.

एका दुपारी न कळवता तिच्या घरी गेलो. बापाने सोनालीला जमिनीवर दाबून धरलं होतं, दंडावर गुडघा. आईने जबडा धरला होता. बाप दातांच्या फटीत पळी घुसवत होता आणि हनुवटीवरून तूप आणि रक्त एकत्र ओघळत होतं. तो रडतही होता. "बाईंनीच सांगितलंय, दिलेलं सारं संपलं पायजे!"

मावशींनी त्याला केस धरून ओढला आणि तीच पळी त्याच्या पाठीत घातली, वाकेपर्यंत घातली. मग वळून माझ्या मुस्काटात मारली. चष्मा अंगणात जाऊन पडला. "तू घातलंस ह्ये भूत तिच्या डोस्क्यात! देवरुशी परवडला, त्यो भूत काडायचं सोंग तरी करतो!" एरवीच्या 'तुमी'चं 'तू' झालं होतं. कान बधिर झाला, पण त्यांचं म्हणणं नीट ऐकू आलं.

सोनालीला मात्र त्यांनी हात लावला नाही. नुसत्या शेजारी बसल्या. तिने रक्ताळल्या तोंडाने विचारलं, "खाल्लं तर पडंन ना मी?"

मावशी नाही म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पडशील बी. खाऊन पडशील, न खाता बी पडशील. पडलीस तर म्या हाय की धराया."

मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. सोनालीचा तो आहार बंद झाला, जेवण सोडलेल्या मुलामुलींवर उपचार करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांकडे ती गेली. बापाच्या तक्रारीवरून मावशींना काढून टाकलं. माझी थप्पड मला मिळायलाच हवी होती, असं मी चौकशीत सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

जेवताना मुलीजवळ कुणीतरी बसावं, बळजबरी न करता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईबापांना धीर होईना. तर मावशी नोकरी गेल्यावर रोज दोन एसट्या बदलून वेल्ह्याला जायच्या. बापही खाली मान घालून त्यांना पाणी द्यायचा. सोनाली चार घास खायची. कधी तेही नाही.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. मला त्या आठवतात त्या एका दुपारच्या. मी सोनालीला भेटायला गेले होते. सोनाली डाळभाताचं ताट घेऊन ओट्याच्या दगडी पायऱ्या उतरत होती आणि फिट आली. माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत मावशींनी तिच्या खाली अंग टाकलं. दोघी दगडावर आदळल्या. मावशींच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एका हाताने त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, दुसरा नुसता लोंबत होता.

आईबाप घरातून धावत आले. फिट थांबली. बऱ्याच वेळाने सोनाली भानावर आली. अंगावर ओरखडाही नव्हता. तिने अंगणात सांडलेल्या भाताकडे बघितलं. कोंबड्या तुटून पडल्या होत्या.

"आये, माजं ताट कोंबड्यांनी खाल्लं. दुसरं वाड."

आम्ही सगळे जागच्या जागी उभे. मावशींचा चेहरा वेदनेने काळानिळा पडला होता, तरी त्या खेकसल्या, "तोंड काय बगताय माजं? वाडा की तिला!"