परमिट रूमचा मासा

आधी चहा खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याच्या शर्टाचं खापर माझ्यावर फुटलं.

बी.एस्सी. झालेला, नोकरी नसलेला आणि जग येत्या आठवड्यात सुधारणार अशी खात्री असलेला तरुण कधी पाहिलाय तुम्ही? नव्वदच्या दशकात आमच्या गावात तसा एकच होता. मी! दौंड तालुक्यात वरवंडपासून आत आमचं गाव, शेजारून भीमा वाहते. तेव्हा नदीला साबणासारखा फेस यायचा, पाण्याला वास यायचा, आणि गावात कुणाला त्याचं काही नाही! माझं रक्त उसळायचं. मी 'भीमा वाचवा मंडळ' काढलं. अध्यक्ष मी. उरलेली सगळी पदं माझा मित्र बाळू.

सभा घेतल्या. पहिल्या सभेला बाळू आला. दुसरीला बाळू आणि एक शेळी. तिसरीला नुसती शेळी, कारण बाळूच्या टेम्पोला गुळाचं भाडं लागलं होतं. शेळीनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. खोटं कशाला बोला?

अखेर माजी सरपंच आबांनी मला पारावर गाठलं.

"सुध्या, समाजमंदिराची किल्ली किती दिस खिशात घालून हिंडनार? माणूस तर कुत्रं येत न्हाई तुझ्याकडं. पोरं म्हनत्यात, आत कॅरम ठिवू."

"आबा, या रविवारी प्रदर्शन ठेवलंय! अख्खं गाव येईल!"

"आन् न्हाई आलं तर?"

"तर किल्ली तुमची. आणि मी पुन्हा गावात नदीचं नाव काढणार नाही!"

आबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! किल्लीपेक्षा त्यांना दुसरी गोष्ट जास्त पसंत पडली असावी.

बोलून तर बसलो, पण प्रदर्शनात दाखवायचं काय? फेस? तेव्हा बाळूनं तोंड उघडलं.

"दौंडात स्टेशनाजवळ एक परमिट रूम हाय. भितीवर मासा लावलाय. आपल्या भीमेतला. ह्यो येवढा!"

"तुला काय माहीत?"

"गुळाचं भाडं घेऊन जातो की."

"परमिट रूममध्ये गूळ लागतो?"

"...जवळनं जातो."

मी सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस! पण ध्येयासाठी काय करत नाही आपण? रविवारी सकाळी तोंडाला रुमाल बांधला आणि शिरलो. आत गेलो आणि रुमाल आपोआप गळून पडला. भिंतभर गळाच्या जुन्या बांबूच्या काठ्या, पितळी चकऱ्या, काचेच्या चौकटीत ओळीनं लावलेले गळ, छताला जाळी. आणि गल्ल्याच्या डोक्यावर तो! लाकडी फळीवर बसवलेला म्हसीर मासा. उभा केला तर माझ्या छातीला लागेल एवढा. वॉर्निश लावून पिवळा केलेला, डोळ्याच्या जागी काचेची गोटी, आणि तोंड असं उघडं की जणू तोही काहीतरी मागवतोय.

मालक शेठ गल्ल्यावरच होते. त्यांचे वडील दौंडच्या रेल्वे साहेबांकडे खानसामा. साहेब लोक सुट्टीला भीमेवर गळ टाकून बसायचे. पुढे साहेब ऑस्ट्रेलियाला गेले, आणि हे सगळं सामान खानसाम्याला देऊन गेले. मासा आला तेव्हापासून बरकत आली, म्हणून शेठ रोज त्याला उदबत्ती ओवाळून हार घालायचे. भिंतीवर जे जे टांगलंय त्याला हार घालायचा, ही त्यांची शिस्त.

मी तिथंच भाषण ठोकलं. नदी, फेस, पुढची पिढी! शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

"न्या सर. पर संध्याकाळच्या आत परत आना. गिऱ्हाईक त्येच्याकडं बघूनच दुसरा पेग मागतं."

आता नीट ऐका. मासा आतून पेंढ्याचा. टेम्पोच्या दणक्यात मोडला तर? म्हणून बाळूनं भिंतीवरच्या दोन लांब काठ्या काढल्या, मध्ये आडव्या कामट्या बांधल्या, त्यावर मासा फळीसकट ठेवला आणि सुतळीनं आवळला. गावाला एकदम धक्का द्यायचा होता, म्हणून वरून पांढरी चादर. शेठनं चादरीवर हार ठेवला. "पैल्यांदाच घर सोडून चाललाय वं," म्हणाले, आणि गहिवरून वर गुलाल उधळला. राहिलेले सुटे गळ आणि शिशाचे गोळे एका जुन्या मडक्यात होते. मडक्याला दोरी होती. ते फुटू नये म्हणून मी हातात धरलं. अंगात माझा पांढरा खादीचा झब्बा-लेंगा. धक्के बसू नयेत म्हणून मी मागं हौद्यात त्याच्या शेजारी बसलो, एक हात त्याच्या अंगावर, चेहरा गंभीर.

तुम्हाला कळलं ना? कुणालाही कळलं असतं! पण मी क्रांतीच्या विचारात होतो.

टेम्पो निघाला. एक सायकलवाला खाली उतरून बाजूला उभा राहिला. पुढे एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. आणि मग एसटीनं वाट दिली. एसटीनं! मला! मी मनात म्हटलं, सुधीर, जनता जागी होतेय. मी दोन्ही बाजूंना हळूहळू मान लववत चाललो होतो.

वरवंडच्या चौकात चाकात हवा भरायला थांबलो. शेजारचा पानटपरीवाला खालच्या आवाजात म्हणाला, "कुठनं आणलं?"

"दौंडवरनं," बाळू म्हणाला. "बारमधनं."

मी बाळूकडं डोळे वटारून बघितलं. बार कशाला मध्ये आणायचा? लगेच सावरलं, "मुळात भीमेतून काढलेला आहे."

"आरारारा! आन् बारात कसा?"

"कसा म्हणजे? तिथंच पडून होता! कुणी चौकशी केली? गावानं केली? सरकारनं केली? शेवटी मलाच बघवेना. म्हटलं, गावाला नेऊ. चार माणसांना कळू तरी दे!"

"गाव कंचं?"

मी छाती पुढं काढून गावाचं नाव सांगितलं. त्यानं हात जोडले, टपरीची फळी अर्धी खाली घेतली आणि घाईनं फोनकडं वळला. मला वाटलं, प्रदर्शनाला यायची तयारी करतोय.

त्यानं फोन लावला आमच्या गावच्या किराणा दुकानात. आणि आमच्या गावातले भिका आप्पा त्याच सकाळी पहिल्या एसटीनं दौंडला गेले होते. औषध आणायला. ते औषध कुठल्या दुकानात मिळतं हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. मग काय? बार, भीमा आणि भिका आप्पा! गावानं बेरीज केली आणि चुली विझवल्या. गावात मयत असली की ती उठेपर्यंत आमच्याकडं चूल पेटत नाही.

आमचा टेम्पो वेशीत शिरला, आणि मी उभाच राहिलो. अख्खं गाव! दुकानं बंद. बाया तोंडाला पदर लावून. ज्यांच्या उंबऱ्यांवर मी चपला झिजवल्या होत्या ते सगळे रांगेत उभे. मी केबिनवर थाप मारली.

"बाळू, बघ! आली क्रांती!"

"सुध्या, येवढी लोकं? मला काय बराबर वाटंना."

"तुझा लोकशक्तीवर विश्वासच नाही!"

आबा पुढं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लई मोठं काम केलंस पोरा. आमी तुला वळखलं न्हाई." हे ऐकायला मी किती तडफडलो होतो! पुढं काही बोलायच्या आत चौघांनी ते उचलून खांद्यावर घेतलं.

"आरं, लईच हलका झाला रं!" एक जण हुंदका देऊन म्हणाला.

"शेवटी शेवटी जेवत न्हवता," दुसरा म्हणाला.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय.

आबा म्हणाले, "सुध्या, तू मडकं घेऊन म्होरं चल. त्येला पोरगा न्हाई, तूच त्याचा."

आता हे वाक्य थोडं विचित्र होतं, मान्य! पण अध्यक्षानं पुढं असायलाच हवं, नाही का? चाललो. मिरवणूक समाजमंदिराकडं वळायच्या ऐवजी सरळ नदीकडं निघाली. मी थरारलो. थेट नदीकाठी सभा! हे मला कसं सुचलं नाही? जनता नेत्याच्या किती पुढं असते!

काठावर त्यांनी ते खाली ठेवलं. मी एका दगडावर चढलो. आयुष्यातली पहिली गर्दी!

"बंधूंनो आणि भगिनींनो! याच्याकडं नीट बघा. हा आपल्या भीमेच्या पाण्यावर लहानाचा मोठा झाला. आपण त्याच्यासाठी काय केलं?"

हुंदके.

"हा तडफडत होता तेव्हा आपण कुठं होतो?"

आणखी हुंदके. मी पेटलो.

"याला कुणी मारलं? सांगा! आपणच मारलं!"

तेवढ्यात भिका आप्पांची बायको, पारूकाकू, मोठ्यानं हंबरडा फोडून म्हणाली, "मीच मारलं वं! सकाळी भाकरीवरनं लई बोलले!"

काय ही संवेदनशीलता! मी दगडावरून हात पसरून म्हणालो, "काकू, तुमच्या एकटीचा दोष नाही! अख्ख्या तालुक्याचा दोष आहे!"

आणि मग मागून आवाज आला, "चांगला मानूस हुता वं!"

गर्दीतून वाट काढत, सगळ्यांत मोठ्यानं रडत, भिका आप्पा पुढं येत होते. दुपारच्या एसटीनं उतरले, गाव रिकामं बघितलं, रडण्याच्या आवाजामागं नदीवर आले. कोण गेलं हे विचारायचं राहिलं. पण सगळे रडतायत म्हटल्यावर आपणही रडावं, एवढी माणुसकी त्या औषधानंतर त्यांच्यात यायचीच.

पारूकाकूंनी चादरीकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. परत चादरीकडं. मग पायातली चप्पल काढली.

"जित्ता हाईस व्हय रं मुडद्या? येवढी रडले मी!"

"आगं, पर मी काय केलं?"

"मेला न्हाईस, ह्येच केलंस!"

आप्पा पुढं, काकू मागं. बाकी गाव हळूहळू चादरीकडं वळलं. आबांनी वाकून चादर बाजूला केली. पिवळाधमक मासा, तोंड उघडं, काचेची गोटी थेट आबांवर रोखलेली.

आबा चादर हातात धरूनच माझ्याकडं वळले.

"सुध्या," आबा म्हणाले, "ह्यो कोन?"

"म्हसीर, आबा."

"कुनाचा?"

"कुणाचा म्हणजे? आपल्या सगळ्यांचा!"

मग गावानं मला जे ऐकवलं ते चहावर सांगण्यासारखं नाही. कुणी सरणाची लाकडं आणून टाकली होती, कुणाचे पाहुणे यवतवरून निघाले होते. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे, "चुली बंद ठिवल्या, ह्या माशापायी!" एक आजी चिडून म्हणाली, "निदान ताजा तरी आनायचा मुडद्या, तळून खाल्ला असता!"

आबांनी नुसता तळहात पुढं केला. मी किल्ली ठेवली. "आन् नदीचं नाव?" त्यांनी विचारलं. मी खाली मान घालून म्हणालो, "कुठली नदी?"

इथं किस्सा संपायला हवा होता. पण भिका आप्पा परत आले. एका गालावर चपलेचा ठसा, आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी.

"म्हंजी ही समदी लोकं माझ्यासाठी रडली? आबा, तुमी बी?"

"डोळ्यात कायतरी गेलं हुतं," आबा म्हणाले.

आप्पांनी माशाला मिठी मारली. "ह्येच्यामुळं कळलं मला माझी किंमत! ह्येला पोचवायला मी सवता येनार!"

तोपर्यंत कुणाच्या तरी ध्यानात आलं की घरी चूल थंड आहे आणि दौंडच्या त्या परमिट रूममध्ये मटणाचा रस्सा गरम असतो. बायांनी शिव्या देत चुली पेटवायला घेतल्या. गडी टेम्पोत चढले. टेम्पो भरला तसा एक ट्रॅक्टर निघाला. पाठोपाठ जीप. आबा पुढच्या सीटवर! दिवेलागणीला आम्ही पोचलो तेव्हा शेठना बाहेर खुर्च्या मांडाव्या लागल्या.

मी कोपऱ्यात लिंबू सरबत घेऊन बसलो होतो. शेठ येऊन माझ्यासमोर वाकले. "सर, येवढं गिऱ्हाईक ह्या जागेत कवा आलं न्हवतं. परत कवा करताय प्रबोधन?" आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी स्टेशनजवळचा फोटोग्राफर बोलावला, मला माशाखाली उभं केलं, आणि फोटो मोठा करून तिथंच भिंतीवर टांगला.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं जात नाही. बाळू जातो. गुळाच्या भाड्यानं! परवा म्हणाला, "सुध्या, तुझ्या फोटूला शेठ रोज हार घालत्यात. नवं गिऱ्हाईक आलं की इचारतंय, ह्यांना जाऊन किती वर्सं झाली?"

"मग? शेठ काय सांगतात?"

"डोळे पुसत्यात आन् म्हनत्यात, चांगला मानूस हुता. पर लई बोलायचा."

"अरे, मग तू तरी सांगायचंस ना, तो जिवंत आहे म्हणून!"

"सांगत हुतो की," बाळू म्हणाला. "पर तुझी गोष्ट ऐकली की गिऱ्हाईक हळहळून आनखी एक पेग मागवतं. शेठ म्हनले, ऱ्हाऊ दे."